वाणात दिलेली हिरवी तबकडी

उल्का देवस्थळे ही साधी बाई. आंघोळ झाल्याशिवाय चहा नाही, चतुर्थी कधी चुकवली नाही, आणि आयर्लंडमध्ये शॅननला संसार थाटल्यापासून देव्हाऱ्यातला दिवा कधी लागला नाही असं झालं नाही. अशा बाईच्या पोटात एका प्लास्टिकच्या तबकडीवरून उन्हाळाभर आग पेटलेली होती, हे पुण्याला तिच्या माहेरी कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

त्याचं असं झालं. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदी सैल झाली आणि आपल्या काउंटीत कुठेही फिरायची मुभा मिळाली. उल्काचा नवरा उपेंद्र वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याच्याबरोबरच्या काही जणांनी बरनच्या कडेला एका शेतकऱ्याच्या रानात डिस्क गोल्फ सुरू केलं होतं. बरन म्हणजे नजर पोचेल तिथवर करड्या चुनखडीचा कातळ. झाड औषधाला नाही. रोज पाऊस पडतो म्हणून, नाहीतर त्याला वाळवंटच म्हणायचं. त्या कातळात लोखंडी साखळ्यांच्या टोपल्या रोवलेल्या. ताटलीएवढी तबकडी लांबून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची, एवढाच खेळ.

उल्का आधी नुसती डबा घेऊन जायची. मग एकदा गंमत म्हणून फेकली आणि तिला ते आवडलंच. हळूहळू ती उपेंद्रची जोडीदार झाली. पावसाने तबकडी ओली झाली की हातातून निसटते, म्हणून ती जुन्या सुती साडीचा फडका कमरेला खोचून असायची. उपेंद्र फेकायच्या आधी मागे न बघता हात पुढे करायचा, आणि त्याच्या हातात पुसलेली कोरडी तबकडी पडायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघांना मिळून करायला काहीतरी सापडलं होतं. ते तिने मनात जपून ठेवलं होतं, कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

तिची पहिली तबकडी हिरवी, स्वस्तातल्या मऊ प्लास्टिकची. कातळाने तिची पार दशा केली. कडेला खाचा, पोटावर ओरखडे, सगळीकडे सालपटं निघालेली. उपेंद्रने तिला नवी आणून दिली, नारिंगी, महागातली, दगडालाही दाद न देणारी. हिरवी प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, डब्यांमागे जाऊन पडली.

त्याच डिसेंबरात आशिष आणि क्षितिजा हे जोडपं ड्रोहेडाहून शॅननला राहायला आले, उल्काच्याच वसाहतीत. पुढच्या महिन्यात संक्रांत आली. पुन्हा टाळेबंदी लागलेली, दुकानं बंद, हळदीकुंकवाला कुणाच्या घरी जायची सोय नाही. नव्या सवाष्णीला वाण काय द्यायचं? उल्काने प्रेस उचकटलं. हिरवी तबकडी हाताला लागली. तिने ती घासून पुसली, तिळगूळ आणि हळदकुंकवाच्या पुड्यांबरोबर क्षितिजाच्या दारात ठेवली आणि लांबूनच म्हणाली, "यंदा हेच वाण, बाई. शिकायला बरी आहे."

मे महिन्यात मैदान पुन्हा उघडलं. आणि क्षितिजाने ती हिरवी फेकली.

ती सरळ गेली. दोरी धरल्यासारखी सरळ, आणि टोपलीपाशी अलगद बसली.

"नवी डिस्क शेवटी डावीकडे कलंडतेच," उपेंद्र म्हणाला. "दगडावर झिजून झिजून ती मुरते, तेव्हा कुठे अशी सरळ जाते. उल्का, एवढी मुरलेली डिस्क तू देऊन टाकलीस?"

"मला काय माहीत," उल्का म्हणाली, आणि फडका पिळत बसली. फडका कोरडाच होता.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. क्षितिजाने चांगली फेकली की वाटायचं, ती कसली फेकतेय, माझी तबकडी फेकतेय. उपेंद्र "वा" म्हणाला की तो "वा" आपल्या घरातून चोरीला गेल्यासारखा वाटायचा. बरं, परत मागावी तर वाण दिलेलं परत कुणी मागतं का? वाण लुटायचं असतं, तेही हसत हसत. ती हसायचीही. गाल दुखेपर्यंत.

मग तिने नारिंगीला झिजवायचं मनावर घेतलं. मुद्दाम खडकांवर आपटून फेकायची. घरी आली की मागच्या भिंतीच्या खडबडीत गिलाव्यावर घासायची. मुलगी कौमुदी खिडकीतून बघायची. "मॅम, आर यू ग्रँड?" ती आयरिश हेल काढून विचारायची. तिकडे आई म्हणजे मॅम आणि ठीक म्हणजे ग्रँड.

"ग्रँड आहे मी. अभ्यास कर."

नारिंगी काही झिजेना. एकदा देवासाठी गंध उगाळताना उल्काचा हात थांबला. ही सहाण चांगली खरखरीत आहे, असं तिच्या मनात आलं. मग तिचं तिलाच कसंतरी झालं. तिने जीभ चावली आणि देवाला दोनदा नमस्कार केला.

ऑक्टोबरात मंडळींनी मिश्र जोड्यांचा सामना ठरवला. दसऱ्यानंतरच्या रविवारी.

"शनिवारी तुम्ही दोघी एकेक फेक टाका," उपेंद्र जेवताना म्हणाला. "जिची जवळ पडेल ती माझ्याबरोबर. दुसरी आशिषबरोबर. जिंकायला खेळायचं तर असंच हवं ना?"

"हवं ना," उल्का म्हणाली, आणि त्याला न विचारता आणखी भात वाढला.

खंडेनवमीला तिने नेहमीप्रमाणे पूजा मांडली. विळी, उपेंद्रचे पाने-पेचकस, लॅपटॉप, सगळ्या तबकड्या. दुपारच्या आधी क्षितिजा आली.

"ताई, माझीही ठेवता का? माझ्याकडे झेंडू नाहीत, आणि तुमच्या कुंडीत अजून फुलतायत."

"ठेव की," उल्का म्हणाली. "तीही याच घरातली."

क्षितिजा हसली. तिला त्यातला काटा कळला नाही, किंवा कळूनही तिने सोडून दिला.

ती गेल्यावर घर रिकामं होतं. पाटावर हिरवी तबकडी, तिच्यावर कुंकवाचं बोट आणि झेंडूची पाकळी. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, हे उल्काला तिच्या आजेसासूपासून पाठ. पण तिला एकदा बघायचं होतं. हाताचं यश आहे की तबकडीचं, एवढंच बघायचं होतं. तिने ती पदराखाली घेतली आणि वसाहतीच्या मागच्या हिरवळीवर गेली.

पहिली फेक सरळ गेली. दोरी धरल्यासारखी.

म्हणजे आपलं खरं होतं. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या आनंदाचाच संताप आला. दुसरी फेक तिने सगळा उन्हाळा हातात आणून टाकली. तीही सरळच गेली. सरळ जाऊन कुंपणाच्या दगडी खांबावर आपटली.

उचलून बघते तर कडेपासून मध्यापर्यंत चीर. कुंकू तसंच होतं.

तिने ती पाटावर परत ठेवली, चीर देवाकडे करून. पण देवाकडे चीर केली म्हणजे देवापासून लपली असं होत नाही, हे तिला दिवा लावताना कळलं. संध्याकाळची आरती तिने खालमानेनेच म्हटली.

दसऱ्याला क्षितिजा तबकडी न्यायला आली. हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"अगं बाई, चिरली. शेवटी त्या कातळाने खाल्लीच हिला."

उल्काला काहीच करायची गरज नव्हती. नुसतं "हो ना" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तबकडीवर आधीच इतके घाव होते की त्यातला एक कुणाचा, हे कुणी विचारलं नसतं. आणि उद्या क्षितिजा फेकणार तरी काय?

"कातळाने नाही," उल्का म्हणाली. "मी. काल पूजेतून उचलून फेकून बघितली."

क्षितिजाने तबकडी खाली केली. "का?"

"तुझ्या हातून एवढी सरळ का जाते ते बघायला."

"आणि?"

"माझ्याही हातून सरळ गेली."

"मग ताई, मागून घ्यायचीत की."

"वाण कुणी मागून घेतं का गं?"

क्षितिजा खुर्चीत बसली आणि हसू लागली, पण हसण्यात थोडी चिडही होती. "माझी एकुलती एक डिस्क होती हो ती. आता मी उद्या काय फेकू, पोळपाट?"

उल्का आत गेली. नारिंगी तबकडी घेऊन आली, कुंकू लावलं, क्षितिजाच्या हातात दिली. देताना बोटं पटकन सुटली नाहीत. पण दिली.

शनिवारी बरनवर वारा होता. उल्काने उपेंद्रची जादा तबकडी मागून घेतली आणि फेकली. बरी गेली, टोपलीपासून चार हातांवर पडली. मग क्षितिजा. नारिंगी शेवटी डावीकडे कलंडते, हे तिने उन्हाळाभर बघून ठेवलं होतं. तिने उजवीकडे धरून फेकली. तबकडी वळसा घेऊन आली आणि टोपलीच्या पायाशीच बसली.

"मस्तच," उपेंद्र म्हणाला, आणि मग उल्काकडे न बघता बुटाची नाडी बांधत राहिला.

रविवारी उल्का आशिषबरोबर खेळली. आशिषची पहिलीच तबकडी काटेरी झुडपात गेली. "वहिनी, आपण शेवटून पहिले येणार," तो खुशीत म्हणाला. पुढच्या टोपलीवर उपेंद्र आणि क्षितिजा फेकायच्या तयारीत होते. दोघांची पाठ तिच्याकडे. पाऊस सुरू झाला होता. ती पाठमोरी जोडी बघून तिच्या पोटात पुन्हा तेच पेटलं. खरं बोलल्याने विझेल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नव्हतं.

तेवढ्यात उपेंद्रने मागे न बघता हात पुढे केला.

हात तसाच राहिला. क्षितिजा आपल्याच नादात टोपलीकडे बघत होती. उपेंद्र थोडा थांबला, मग मागे वळला आणि पावसातून शोधू लागला. उल्का त्याला दिसली. कमरेला फडका खोचलेला.

ती जागची हलली नाही. तिने सावकाश फडका काढला, आशिषची चिखलाने भरलेली तबकडी घेतली आणि उपेंद्रच्या नजरेसमोर लख्ख पुसली.

"वहिनी, पुरे हो, झिजेल ती," आशिष म्हणाला.

"झिजू दे," उल्का म्हणाली. "फेका आता."

शेवटून दुसरे आले ते दोघे. परतताना गाडीत उपेंद्र म्हणाला, "पुढच्या वेळी आपण दोघं." येत्या संक्रांतीला वाण काय द्यायचं ते उल्का ठरवत होती. चहाची गाळणी बरी, असं तिचं ठरलं. फेकली तरी कुठे जात नाही.