वैशाखात फळ धरणारी जात

वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत केळी, नारळ आणि पानवेली सोडून बाबांनी कधी दुसरं काही लावलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मात्र विहिरीपलीकडच्या मोकळ्या तुकड्यावर त्यांनी प्लास्टिकच्या छताचं पॉलिहाऊस उभारलं. उन्हाळ्यात बाजारात टोमॅटो मिळेनासा होतो, तेव्हा आपला काढायचा, असा त्यांचा बेत होता. मी शेतकीची पदविका संपवून नुकतीच घरी आले होते.

बियाणं निवडताना आमचं वाजलं. बाबांना छापील पुस्तिकेतली मोठ्या, लालभडक फळांची जात आवडली होती.

मी म्हटलं, "बाबा, ही थंड हवेची आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रीसुद्धा गार होत नाही. फुलं येतील, फळ धरणार नाही."

"मग एवढं घर कशाला बांधलं?"

"घराने पाऊस अडेल. उकाडा उलट वाढेल."

"परीक्षेच्या पेपरात लिहायला ठीक आहे हे," ते म्हणाले.

शेवटी आईने तोड काढली. दोन ओळी माझ्या, बाकीच्या बाबांच्या. माझ्या ओळींत मी उष्णता सोसणाऱ्या म्हणून कॉलेजात सांगितलेल्या दोन जाती लावल्या. एकीची मला खात्री होती. दुसरी बुटकी, बारक्या फळांची. ती केवळ जागा उरली म्हणून लावली.

मार्चपर्यंत बाबांची झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली. बघायला येणाऱ्यांना ते कौतुकाने आत नेत. मग उकाडा वाढला. आम्ही बाजूचे पडदे गुंडाळून ठेवले, वर हिरवी जाळी टाकली, वाटांवर पाणी शिंपडलं. पराग झडावेत म्हणून मी रोज सकाळी झाडं बांधलेल्या सुतळ्या काठीने हलवायचे. तरी खाली पिवळ्या फुलांचा सडा पडायचा.

एका दुपारी बाबा जेवायला आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. ते दोन ओळींच्या मध्ये, पालथ्या टोपलीवर बसले होते. सदरा घामाने भिजला होता, मांडीवर गळलेली फुलं होती.

"नुसता हात लावला तरी देठासकट येतात," ते म्हणाले.

आपलंच खरं झालं, याचा आनंद मला होईल असं वाटलं होतं. झाला नाही. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तुझ्यातली कुठली धरली?" त्यांनी विचारलं.

"जिची खात्री होती तीही गेली, बाबा. ती बुटकी धरलीय."

ते उठून त्या झाडांपाशी गेले. पानांखाली लिंबाएवढी फळं घोसाने लागली होती. एक तोडून त्यांनी तिथेच खाल्लं. "आंबट आहे," म्हणाले, आणि दुसरं तोडून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ओळी स्वतः उपटल्या. मला हात लावू दिला नाही. माझ्या बुटक्या झाडांची फळं आत्या नालासोपाऱ्याच्या बाजारात घेऊन गेली. परत आल्यावर म्हणाली, "दिसायला काही नाहीत, पण फ्लॅटवाल्या बायका सारासाठी हेच मागतात."

पुढची काही वर्षं आम्ही दर हंगामात पाच-सहा जाती थोड्या थोड्या लावून पाहिल्या. कुणी चौकशीला आलं की बाबा खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत सांगायचे, "ते मुलीला विचारा, मला त्यातलं कळत नाही." हे वाक्य कानावर यावं म्हणून मी मुद्दाम विहिरीपाशी रेंगाळायचे.

माझं लग्न झालं आणि मी वसईच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. नंतरच्या एका वादळात पॉलिहाऊसचं प्लास्टिक फाटलं. बाबांनी ते पुन्हा घातलं नाही. सांगाडा काढून तिथे सोनचाफा लावला आणि त्यात ते रमले.

आजही माहेरी गेले की त्या बाजूला चक्कर मारते. चाफा दरवळत असतो. मी मात्र टोमॅटोच्या पानांचा तो हिरवट, हाताला चिकटून राहणारा वास शोधत असते.