डाव्या-उजव्याची प्रयोगशाळा

प्रबंधात फक्त जमलेले प्रयोग छापले जातात. न जमलेले आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतात आणि चहाबरोबर वर्षानुवर्षं पुरतात. कुडाळजवळच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो, तेव्हाचे हे किस्से. साल दोन हजार पाच-सहा. सहकारी परब मॅडम पीएच.डी. करत होत्या. नोंदणीची मुदत संपायला दीड वर्ष उरलं होतं.

प्राचार्यांनी एकदा विचारलं, नेमकं काय चाललंय? मॅडमनी चपलांचं उदाहरण दिलं. काही रेणूंचीही डावी-उजवी जोडी असते. साध्या रिॲक्शनमध्ये दोन्ही निम्मेनिम्मे तयार होतात, पण औषधाला बहुधा एकच लागतो. म्हणून प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म कणांवर सिंकोनाच्या सालीतलं एक द्रव्य बसवायचं. मग कण एकाच बाजूचा माल जास्त काढतात.

प्राचार्य गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे सगळ्या चपला उजव्या पायाच्या. घालणार कोण?"

*

मॅडमना सगळीकडे हेच दिसायचं. लेपो हा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. बाजारात त्यांनी मासेवाल्या काकीला विचारलं, डोळे उलट्या अंगाला असलेला लेपो कधी मिळाला का?

काकी म्हणाली, "चाळीस वर्षां मासळी विकतंय. सगळे लेपे एकाच बाजून बघतत. तुका दुसरो व्हयो तर दुसऱ्या बाजारात बघ गो."

*

हा माझा अपराध. प्लॅटिनमचे कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी काळंकुट्ट दिसतं. आमचे लॅब अटेंडंट बाबुलीकाका, निवृत्तीला आलेले, तसला एक फ्लास्क घेऊन माझ्याकडे आले. "सर, ह्या काळा पाणी टाकू?" मी पेपर तपासत होतो. वर न बघताच म्हटलं, टाका.

ते प्लॅटिनम मागवून यायला तीन महिने लागले होते. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी होती, 'टाकू नये'. माझ्या चहाच्या कपावरसुद्धा.

*

माल एका बाजूचा झाला की नाही, हे पोलॅरिमीटर सांगतो. नळीत द्रव भरायचा, पिवळा दिवा लावायचा, डोळा लावून चकती फिरवायची. प्रकाश उजवीकडे वळला, तर मॅडमना हवा तो माल. शून्य आलं, तर निम्मेनिम्मे.

आठ महिने शून्य येत होतं. एका दुपारी आकडा हलला. मॅडमनी स्टाफरूममध्ये खाजा वाटला. मी तोंडातला घास संपवून विचारलं, किती अंश उजवीकडे?

त्यांचा हात पुड्यातच थांबला. प्रकाश डावीकडे वळला होता. धुताना मागे राहिलेलं सिंकोनाचं द्रव्यच तो वळवत होतं. आमचा माल शून्यच होता. खाजा मात्र संपला होता.

*

त्यानंतर मॅडमनी रीडिंग घेणं सोडलं. मला म्हणाल्या, "मला हवं तेच दिसायला लागलंय, सर." काम बाबुलीकाकांकडे दिलं. कुठली बाजू हवी, ते त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. मलाही बजावलं, बोलायचं नाही.

काका चष्मा वर सरकवून डोळा लावायचे, आकडा वहीत लिहायचे आणि पुढच्या कामाला जायचे. पावसाळाभर शून्य आणि शून्य. मॅडमनी कण पुन्हा बनवले, धुण्याची रीत बदलली. मुदतीचे चार महिने राहिले, तेव्हा त्या वाढीव मुदतीचा अर्ज लिहायला बसल्या होत्या.

काका दारात आले. "मॅडम, आज उजवीकडे गेला."

मॅडमनी पेन ठेवलं. नळी धुऊन परत भरायला लावली. पुन्हा उजवीकडे. मग नुसतं पाणी भरायला लावलं. शून्य. पुन्हा माल. उजवीकडे, तेवढंच. मी जागेवरून उठलो. मॅडमनी विचारलं, "काका, नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगत?"

काकांनी चष्मा पुसला.

"माका काय त्याचा, मॅडम? डावीकडे गेला आसता, तर डावीकडे सांगितला आसता."