ठमाबाईच्या दाराची कडी

हवा भाड्याने देता येते, असं ठमाबाईला तिच्या लग्नात कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. डोंबिवलीपलीकडच्या त्या खाडीकाठी हवेला काय तोटा? पदर सावरता सावरता बायकांच्या नाकी नऊ यायचे. पण स्वराज्य आलं त्या सुमाराला मुंबईचे डॉक्टर आपल्या दमेकऱ्यांना सांगू लागले, खाडीकाठी जा, थोडे दिवस खारा वारा घ्या. आणि लोक आले की हो, गाद्या-वळकट्यांसकट.

ठमाबाईचा नवरा काळुराम मिठागरात कामाला. पावसाळ्यात मिठागर बंद, मग घरात ओढाताण. नाक्यावरच्या सोडावाल्या गोपीनाथने सुचवलं, होळी झाली की घर मुंबईकरांना द्या, तुम्ही मागच्या गोठ्यात राहा, पाऊस लागला की घर पुन्हा तुमचं. काळुरामने मान डोलावली. गोठा शेणाने सारवला, म्हैस चिंचेखाली बांधली, झालं.

पहिल्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एका लेकीने घोळ घातला. तुळसा तेव्हा पाच-सहा वर्षांची. खाडीच्या चिखलाच्या पायांनी सरळ घरात शिरली आणि आपल्या रोजच्या कोपऱ्यात, पाहुण्यांच्या धुतलेल्या चादरीवर, जाऊन बसली. ठमाबाईने तिला सगळ्यांदेखत धपाटा घातला आणि शिकवलं, आधी दाराची कडी वाजवायची, येऊ का म्हणून विचारायचं, ये म्हटलं तरच आत पाऊल टाकायचं. पोर शहाणी. पुन्हा कधी चुकली नाही.

गाव मात्र बघता बघता बदललं. होड्यांच्या धक्क्यावर संध्याकाळी कानटोप्या घातलेले म्हातारे फिरू लागले. स्टेशनपासून टांगे सुरू झाले. गोपीनाथच्या दुकानापुढे बाकडी आली, मग दुकानावर माडी चढली, माडीवर 'आरोग्य भुवन' अशी पाटी लागली. भाताच्या खाचरांत बंगले उभे राहिले. ज्या ओटीवरून ठमाबाईला खाडी दिसायची, तिथून आता कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली धोतरं दिसायची. तिला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटायची. एवढी शिकलीसवरली माणसं आपल्या गावाला येतात, ही काय लहान गोष्ट?

ठमाबाई गावची धवलारीण. आगऱ्यांच्या घरचं लग्न धवलारणीवाचून अडतं. धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन सगळे विधी ती पार पाडते. गावातल्या कितीतरी पोरींना ठमाबाईने त्यांच्या आईबापाच्या उंबऱ्याशी बसवून हळद लावली होती, आणि आवाज कापू न देता त्यांना सासरी धाडलं होतं.

अशा बाईच्या लेकीचं लग्न ठरलं, ते सत्तावन्न साली, ऐन वैशाखात. घरात पाहुणे. गिरगावातले निवृत्त मास्तर अण्णा आणि त्यांची बायको, सलग तिसऱ्या वर्षी आलेले. अण्णांना धाप लागायची, आवाज सोसायचा नाही.

"हलद धाकूच्या दारान लावू," काळुराम म्हणाला. धाकू त्याचा भाऊ. "पाऊस लागंपर्यंत घर दिलाय. शब्द दिलाय."

ठमाबाईला ते पटेना. सगळ्या गावाच्या पोरी आपापल्या उंबऱ्यावरून गेल्या, आणि धवलारणीची पोर दुसऱ्याच्या दारातून जाणार. अण्णांना विचारावं म्हणून ती पाण्याचा हंडा घेऊन घरात जायची, हंडा ठेवायची, तशीच परत यायची. पाहुण्याला ऊठ म्हणायला जीभच रेटेना.

शेवटी अण्णांनीच विचारलं, "ठमाबाई, लग्न कुठे करताय?"

"दिराच्या दारान."

"का? तुम्हाला स्वतःचं घर नाही का?"

ठमाबाईने हंडा खाली ठेवला. "हाय ना. ह्याच आमचा घर."

अण्णांचा चेहरा उतरला. घर ठरवलं गोपीनाथने, किल्ली दिली गोपीनाथने. तीन वर्षं ते समजत होते की घर गोपीनाथचं, आणि मागची माणसं राखणदार. ते हळूच म्हणाले, "तुमची मुलगी कडी वाजवल्याशिवाय कधी आत आली नाही हो. मला कसं कळावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी आपली वळकटी उचलली आणि बायकोसह गोठ्यात मुक्काम हलवला. काळुराम हातापाया पडला, पण मास्तर ऐकायला तयार नाहीत. लग्न आटोपेपर्यंत इथेच राहणार, म्हणाले.

ठमाबाईला आभाळ ठेंगणं झालं. भिंती सारवल्या, त्यांवर तांदळाच्या पिठाने चौक काढला, हळद दळली. हळदीच्या दिवशी दार सताड उघडं, आत बायकांची दाटी, आणि उंबऱ्याशी पाट मांडून ठमाबाई धवले गात बसलेली. तुळसा गोठ्यामागच्या न्हाणीत न्हाऊन आली. दारासमोर उभी राहिली. उघड्याच दाराची कडी तिने हातात धरली, वाजवली आणि विचारलं, "येऊ का?"

बायका खो खो हसल्या. ठमाबाईचा धवला मात्र अर्ध्यावरच थांबला. उंबऱ्यासाठी ती एवढी झुरली होती, आणि पोरीचं घर तर केव्हाच गेलेलं. तिनेच धपाटा घालून घालवलेलं. तिला रडू आवरेना. "ये गो बाय," एवढंच कसंबसं म्हणाली. तुळसा आत आली, भिंतीला लागून उभी राहिली.

"कुठं बसू?" तिने विचारलं.

त्या वर्षी पाऊस लागल्यावर ठमाबाईने पहार घेतली आणि बाहेरची कडी चौकटीतून उपटून काढली. काळुराम वैतागला, दार लावायचा कसा? आतून अडसर हाय, ती म्हणाली. पुढच्या होळीला गोपीनाथ विचारायला आला, तेव्हा तिने त्याला गोठा दाखवला. पाहुण्यांना हा गोठा, घर मिळणार नाही, म्हणाली.

वैशाखात तुळसा ओहोटीची खाडी तुडवत माहेरी आली. दाराशी तिचा हात सवयीने चौकटीवर गेला आणि नुसताच फिरत राहिला. ठमाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं, पण ये म्हटलं नाही. तुळसा जराशी थांबली, मग चिखलाच्या पायांनी तशीच आत आली आणि आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसली.