सर्टिफिकेट बदलायचा दिवस

करिश्मा सिडाम जिवतीकडच्या पहाडातली. गडचांदूरला आयटीआय करून ती गावच्याच दवाखान्यात कंत्राटावर लागली. काम राउटर सांभाळायचं. त्याच्यावरूनच रोग्यांचे ईसीजी चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे जात. राउटरमधलं सुरक्षेचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्रच, मुदतीतलं नसलं की चंद्रपूरचा सर्व्हर त्याला दारात उभं करत नसे.

आता तिला नागपूरच्या कंपनीत जागा मिळाली होती. मुदत संपत आलेलं सर्टिफिकेट बदलून दुपारच्या बसनं निघायचं, म्हणून ती बॅग घेऊनच आली. घाईघाईत तिनं जुनं आधीच पुसलं. नवं मात्र राउटर काही केल्या घेईना.

तेवढ्यात गावातल्या पोचूभाऊंना खाटेवर घालून आणलं. छातीत कळा येत होत्या.

रीना सिस्टर राउटरच्या खोलीत आली. "ईसीजी जाऊन नाई राह्यला."

"लाइन बंद आहे, ताई. माझ्याच हातानं झाली."

"मंग बिना सर्टिफिकेटची तशीच जोड ना."

"तिकडून घेतच नाई तशी."

दवाखान्यात मोबाइल लागत नसे. रस्त्याच्या वळणावर बोलण्यापुरती रेंज होती. करिश्मा तिथवर धावली. चंद्रपूरच्या प्रफुल इंजिनिअरनं सगळं ऐकून विचारलं, "राउटरची तारीख पाहिली काय?"

ती नव्हती पाहिली. रात्री वीज गेली आणि राउटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागं गेलं होतं. त्याच्या हिशेबी नवं सर्टिफिकेट अजून सुरूच व्हायचं होतं.

परत येऊन तिनं तारीख लावली, सर्टिफिकेट टाकलं. हिरवा दिवा लागला, ईसीजी गेला. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सिस्टरनं दिलं, अँब्युलन्स आली, पोचूभाऊ वाचले. बस केव्हाच घाट उतरली होती.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तिनं कंत्राटाच्या ऑफिसला फोन करून कालचं सगळं सांगितलं आणि आज निघते म्हणाली. साहेब म्हणाले, "सर्टिफिकेटं तुझ्या नावावर निघतात. बदली माणूस आल्याशिवाय कसं सोडू? कालचं पाहिलंस ना?"

कालचं तिनं पाहिलं होतं. म्हणूनच तिनं बॅग परत घरी नेली. बदली माणूस आलाच नाही. नागपूरची जागा गेली, आणि शेजारच्या दवाखान्यांचे राउटरही तिच्याच गळ्यात पडले.

पोचूभाऊंची बायको मंगलीबाई एकदा चारोळी घेऊन आली. "पोरी, तू होती म्हणून आमचं माणूस राह्यलं. तू कुठी जाऊ नको बरं."

लाइन आपणच तोडली होती, हे सांगायला करिश्मानं तोंड उघडलं. मंगलीबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

"नाई जात," करिश्मा म्हणाली.