दुधातल्या दशम्या

नागपूरहून पुण्याला विमानाने जेमतेम दीड तास लागतो. तरी निघताना आईने दशम्यांचा डबा हातात दिलाच.

"अगं आई, भूक लागायच्या आत पोचेन मी."

"असू दे. वाटेत लागतं काहीतरी."

तिच्या लेखी पुणं अजून रात्रभराच्या गाडीइतकंच लांब आहे. म्हणून ती पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवते. तशा दशम्या दोन दिवस टिकतात.

विमानात डबा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या काकूंनी वासावरूनच ओळखलं आणि आपली पिशवी उघडून दाखवली. "माझ्या वहिनीनेही दिल्यात. नको म्हटलं तर रुसते." मग आम्ही एकमेकींची चटणी चाखली. अर्धी दशमी खाऊन होते न होते तोच पट्टे बांधायची सूचना आली.

उरलेल्या दशम्या मी पुण्यात पुरवून पुरवून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा तुकडा मोडताना आईला मनातल्या मनात नमस्कार केला. विमान मला दीड तासात पुण्यात आणून सोडतं. आईमुळे मला घरून निघायला दोन दिवस मिळतात.