कूलरसमोर टांगलेली सायकल

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तेवढ्यावर आपण काही लिहावं, असं होत नाही. त्यात विषय काय, तर जुनी सायकल रंगवली.

सायकल बाबांची. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून ते तिच्यावरून ऑफिसला जायचे, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला. उन्हाळ्यात ते रिटायर झाले. आता क्वार्टर सोडून आईबाबा गावी, साताऱ्याकडे जाणार होते. मला हॉस्टेल मिळालं तर मी सायकल घेऊन इथे राहणार, नाहीतर कॉलेज सोडून त्यांच्यासोबत जाणार. शेजारच्या मुनिरकातली भाड्याची खोलीही आम्हाला झेपणारी नव्हती. आणि हॉस्टेलचं काही कळतच नव्हतं.

"कळलं नाही अजून, आणि रंगवायला निघालास?" आई म्हणाली.

"नुसतं बसवत नाही गं."

चाकं काढली, जुना रंग रेगमालाच्या खरखरीत कागदानं घासला, नखांत गंज भरला. फ्रेम बाल्कनीत दोरीला टांगून निळा स्प्रे मारायला लागलो, तर खालच्या आंटी ओरडल्या, "बेटा, हमारे कपड़े सूख रहे हैं! नीले करके दोगे क्या?"

मग फ्रेम आत आणली. स्प्रे मारून झाला तशी आई म्हणाली, "कूलरसमोर टांग. लवकर वाळेल." माझा शाळेचा युनिफॉर्म तिनं कायम तसाच वाळवला होता. मलाही ते पटलं.

संध्याकाळपर्यंत सगळा निळा रंग पांढुरका पडला, वर ताक सांडल्यासारखा. कूलरची ओली हवा कपड्यांना चालते, ओल्या रंगाला चालत नाही.

बाबांनी बोट फिरवलं. "वा! धुक्यातली सायकल."

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "कॉलेजात मी जाते का?"

पुन्हा घासायला बसलो. हात भरून आले होते. थोड्या वेळानं बाबा शेजारी बसले आणि दुसऱ्या बाजूनं घासू लागले.

"गावात नुसता चढ आहे," ते म्हणाले. "तिथे ही चालायची नाही. तू आलास तर इथेच कुणाला तरी देऊन टाकू."

"मग कशाला घासताय?"

"देताना चांगली दिसावी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा रंग मारला आणि कूलर बंद ठेवला. बांधलेल्या सामानावर आम्ही तिघं घाम पुसत बसलो होतो. डोळे मिटत होते. तेवढ्यात फोन वाजला. मेसेज मी दोनदा वाचला, मग बाबांना वाचून दाखवला. हॉस्टेल मिळालं होतं.

आई उठली. तिचा हात कूलरच्या बटणापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला.