इस्माईलभाय आणि कोबेचा कर्णा

इस्माईलभाय लग्नाला गेले की नवरदेवाच्या आधी कर्ण्याला भेटत. मांडवाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्याखाली डोळे मिटून उभे राहत, मान जराशी कलती करत आणि लाउडस्पीकरवाल्याला विचारत, "हेका कफ झालो काय रे? किती खोकता तो!" तो बिचारा ओशाळून जाई. मग इस्माईलभाय स्वतःच वर चढत, वायर चाचपत, एखादा स्क्रू आवळत, कर्ण्याचं तोंड पंगतीवरून माडांकडे वळवत. आवाज सुधारला की खाली उतरून यजमानासारखे म्हणत, "हां, आता वाढा जेवूक."

मी मालवणात शाळामास्तर म्हणून आलो तो कोल्हापूरकडून. इस्माईलभायांच्या घरासमोरच मला खोली मिळाली. ते मालवाहू जहाजावर विजेचे मिस्त्री होते. बरेच महिने समुद्रावर आणि मग काही महिने घरी, असं त्यांचं आयुष्य. घरी आले की रोज संध्याकाळी पडवीत चटई पडे आणि गल्ली गोळा होई. उंच, काटकुळा माणूस. कमरेला चौकड्यांची लुंगी, डोक्यावर जहाजावरची निळी टोपी, आणि बोटांवर डाख देताना भाजल्याचे काळपट डाग. ते डाग ते कौतुकानं दाखवत. नम्रपणाशी त्यांचं फारसं जमत नसे. "माझ्यासारखो कान सगळ्या दर्यार नाय मास्तरानू," असं मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

त्यांच्या गोष्टी बहुतेक एकाच माणसाच्या असत. जपानात कोबे बंदराजवळ राहणाऱ्या हिरानोच्या. लढाई संपून फार वर्षं झाली नव्हती. जहाजावरच्या खलाशांच्या रेडिओचा स्पीकर फाटला म्हणून इस्माईलभाय बंदराबाहेर दुरुस्तीवाला शोधत गेले. बाँबनं जळलेल्या वस्तीत एक पत्र्याची शेड होती. आत एक माणूस, त्याची बायको आणि भाऊ जमिनीवर बसून कागदाचे शंकू चिकटवत होते. तेच स्पीकरचे पडदे. खळ भाताची होती. "घरात जेवूक भात कमी, आणि हे तेचीच खळ करून स्पीकर चिकटवतत! मी तेवांच वळाखलंय, हो माणूस फुडे जातलो."

हिरानोचा एक कान लढाईत गेला होता. त्यामुळे आपल्या स्पीकरबद्दल स्वतःचं मत त्याला पुरेसं वाटत नसे. बंदरात कुठल्याही देशाचा खलाशी दिसला की तो त्याला शेडमध्ये आणी, चहा देई, स्पीकर लावी आणि तोंडाकडे बघत बसे. इस्माईलभायांनी ऐकलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आवाज चांगला आहे. पण आमच्या गावात हा एक पावसाळा काढणार नाही. "आमच्याकडे पावसात पापड ताठ रवणा नाय, तुझो कागद कसो रवतलो?" पापड म्हणजे काय हे हिरानोला समजावताना त्यांना चुलीपासून सुरुवात करावी लागली म्हणे.

हिरानोनं एक स्पीकर त्यांच्या हातात ठेवला. घेऊन जा, तुमच्या पावसात ठेव आणि परत आण. इस्माईलभायांनी तो समुद्राकडच्या पडवीत आढ्याला टांगला. बायको, हलीमाभाभी, वैतागली. कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी हे काय लोंबकळतंय, म्हणून. आषाढ संपेतो कागदावर पांढरी-हिरवी बुरशी फुलली, कडा सुटल्या, लोखंडाला खारा गंज चढला. तो कुजका स्पीकर त्यांनी दागिन्यासारखा कापडात गुंडाळून कोबेला नेला. हिरानोनं तो टेबलावर ठेवला, बायकोला आणि भावाला बोलावलं आणि तिघांनी सुटलेल्या कडा बोटांनी चाचपून पाहिल्या.

पुढच्या फेऱ्यांमध्ये कारखाना वाढत गेला. शेडच्या जागी माडी आली. तारांची वेटोळी गुंडाळणाऱ्या मुली आल्या. भिंतींना जाड गाद्या लावलेली, स्वतःचा श्वास ऐकू येईल अशी एक शांत खोली आली. हिरानो कागदाला लावायची रोगणं बदलत राहिला, इस्माईलभाय दर पावसाळ्याला नवा नमुना टांगत राहिले. शेवटी एका वर्षी गणपती आले तरी कागद कोरा आणि कडक. त्या रोगणाला कारखान्यातले लोक 'मारुबान' म्हणू लागले. मालवण हा शब्द त्यांच्या जिभेवर असा बसला होता. "म्हणजे बगा," इस्माईलभाय छाती काढून सांगत, "जपानचो स्पीकर दुनियाभर बोलता, पण तेच्या अंगार कातडी आमच्या मालवणची."

गल्ली हसायची. खलाशाच्या गोष्टी सगळ्यांनाच ठाऊक. आमच्या शेजारचे शिंपी दाजी तर उघड म्हणत, "आणखी काय काय लावलंत इस्माईलभाय त्या जपानाक?" ते रागावत नसत. "थांबा दाजी. एक दिवस तुमच्याच कानात घालतंय," म्हणत आणि बिडी पेटवत.

मग एका सफरीहून ते हिरानोनं दिलेला कर्णा आणि अॅम्प्लिफायर घेऊन आले. राखाडी रंग, आतला पडदा त्याच रोगणात बुडवलेला. वालावलच्या जत्रेत त्यांनी तो लावला, तेव्हा लोक देवळामागे कोण बोलतंय म्हणून बघायला गेले, इतका आवाज खरा वाटला.

त्याच हिवाळ्यातली सकाळ. मी उठलो तर खिडकीबाहेर समोरचं घर नव्हतं. मालवणात असं धुकं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि म्हातारेही पाहिलं नाही म्हणत होते. रस्त्यावर माणसं धावत होती. मासेमारीला गेलेल्या होड्या सकाळी परतायच्या. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक पसरलेले; वाट चिंचोळी, ती डोळ्यांनी खुणा बघूनच काढायची. एक होडी खडकावर फुटली होती. तिची माणसं पोहत काठाला लागली आणि त्यांनी सांगितलं, मागच्या सगळ्या होड्या बाहेर चाचपडत आहेत. पाण्याची ओढ त्यांना खडकांकडेच नेते आहे.

धक्क्यावर कोणी शंख फुंकत होतं, कोणी डबे बडवत होतं. किनाऱ्यावर ठिकठिकाणी आरडाओरडा चाललेला, त्यामुळे आवाज सगळीकडूनच येत होता. इस्माईलभाय हातगाडीवर कर्णा, अॅम्प्लिफायर आणि एका ट्रकची काढून आणलेली बॅटरी घेऊन आले. आल्याबरोबर ओरडले, "सगळे गप रवा! डबे बंद! दर्यातल्या माणसाक एकच आवाज होयो, तोय एकाच जाग्यावयलो." धक्क्याच्या टोकाला, होड्यांच्या वाटेच्या बरोबर नाकासमोर त्यांनी कर्णा बांधला. जमिनीवरचा पहाटवारा अजून समुद्राकडे वाहत होता. "वारो आपलो आसा," ते म्हणाले, आणि माइक तोंडाशी धरला.

बराच वेळ ते हाका मारत होते. धुक्यातून काहीच येईना. मग त्यांनी माइक खाली केला आणि मागे वळून बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. पुढे गोविंद तांडेलाची बायको रुक्मिणी उभी होती. मासळी बाजारात तिचा आवाज चार गल्ल्यांपर्यंत जाई. त्या वेळी मात्र ओठ घट्ट मिटलेले.

"वयनी, हंय ये. तू बोल."

"माका नाय जमाचा इतक्या माणसांत," ती मागे सरली.

"माणसांक सांगा नको. घोवाक सांग. माझो आवाज सगळ्यांचो, म्हणजे कोणाचोच न्हय. तुझो आवाज तो झोपेतसुद्धा वळाखता."

तिनं माइक दोन्ही हातांत धरला. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. क्षणभर ती घुटमळली आणि मग ओरडली. इस्माईलभायांनी तिच्या खांद्यापाशी हात नेला, पण स्पर्श न करता हळूच म्हणाले, "आरडा नको गो. चुलीकडसून हाक मारतस, तशी मार."

तेव्हा रुक्मिणी बोलली. "ओ शंकऱ्याच्या बापसाऽऽ! हंय येवा! माझ्या आवाजाच्या नाकार येवा! मी धक्क्यार आसंय!"

ती हाक कर्ण्यातून निघाली. तिच्यातला कंप, मधे घेतलेला श्वास, सगळं जसंच्या तसं मोठं होऊन धुक्यात शिरलं. ती तेच तेच म्हणत राहिली. आणि खूप लांबून, पाण्यावरून, एका पुरुषाचा आवाज आला, "ओऽऽ!"

वल्ह्यांचा आवाज आला, मग धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं आणि त्यामागे गोविंद तांडेल. मग माइकसाठी रांग लागली. कोणी "आबाच्या बापसा," कोणी "ओ भावजी," एक म्हातारी मुलाला नुसतंच "माझ्या झिला, झिला रे" म्हणत होती. प्रत्येक हाकेला आपापली होडी येत गेली. ऊन चढून धुकं फाटेपर्यंत शेवटची होडीही वाळूला लागली. एक होडी फुटली, माणूस मात्र एकही गेला नाही.

गोविंद तांडेल वाळूवर बसला होता. म्हणाला, "दर्यात घरची हाक आयकली, तेवां वाटला मी मेलंय." रुक्मिणीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मेल्यार बरी तुमका हाक मारीन मी!" सगळा किनारा हसला. हसता हसता बरेच जण रडत होते. दाजी शिंपी इस्माईलभायांपुढे येऊन उभे राहिले. त्यांनी गंजिफ्रॉकच्या टोकानं कर्ण्यावरचं दव तेवढं पुसलं.

पुढच्या सफरीहून परतले तेव्हा मी इस्माईलभायांना विचारलं, हिरानोला सांगितलंत की नाही. ते चटईवर सावरून बसले. सांगितलं होतं. हिरानो उठला, त्यानं मशिनं थांबवायला लावली आणि कारखान्यातल्या सगळ्यांना अंगणात उभं केलं. मग माइक आणून इस्माईलभायांच्या हातात दिला आणि चांगला कान पुढे करून समोर बसला.

"मग काय बोललात? इंग्रजीत?"

"इंग्रजी कित्याक? मालवणीत सांगलंय. सुरवातीपासून. रुक्मिणीची हाकसुद्धा मारून दाखवलंय."

"अहो, पण त्यांना कळलं काय त्यातलं?"

इस्माईलभायांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मास्तरानू, मी 'हंय येवा' म्हणालंय मां, तेवां मागे उभी आसलेली, तारांची वेटोळी गुंडाळणारी चेडवा दोन पावला फुडे इली."